पट्टीखालचा साक्षीदार

“खालचं काय झालं?” मी विचारलं.

“खाली काय न्हाई,” समोरची बाई म्हणाली.

माझ्या हातात एका मृत्युपत्राची झेरॉक्स होती. दोन पानं. दुसऱ्या पानावर मजकूर संपत होता, मृत्युपत्र करणाऱ्याची सही होती, आणि त्याखाली जिथं साक्षीदारांची नावं आणि सह्या असतात तिथं नुसता पांढरा पट्टा. झेरॉक्स काढताना कुणीतरी मूळ कागदावर कागदाची पट्टी ठेवली होती. पट्टीच्या कडेची बारीक काळी रेघसुद्धा उमटली होती.

सांगलीच्या कोर्टात मी तीस वर्षं दिवाणी वकिली करते आहे. पक्षकार वकिलापासून काय काय झाकतात याची मला चांगली सवय आहे. वय झाकतात, पहिलं लग्न झाकतात, सातबारावरची बहीण झाकतात. साक्षीदार झाकलेला मात्र मी पहिल्यांदाच पाहत होते. माझ्या मनात पाल चुकचुकली.

ज्यांचा कोर्टाशी संबंध येत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. मृत्युपत्र साध्या कागदावर केलं तरी चालतं. पण करणाऱ्यानं सही केलेली निदान दोन माणसांनी पाहिलेली हवी, आणि त्यांनी त्याच्यासमोर साक्षीदार म्हणून सह्या केलेल्या हव्यात. पुढं वाद झाला तर मृत्युपत्र करणारा सांगायला येऊ शकत नाही. म्हणून त्या दोघांपैकी जो कुणी हयात असेल त्याला कोर्टात उभं करावं लागतं. म्हणजे अख्खा कागद त्या दोन सह्यांवर उभा असतो, आणि या बाईनं नेमक्या त्याच झाकल्या होत्या.

“मूळ कागद कुठं आहे?”

“हाय.”

“कुठं?”

“हाय की जागेवर.”

बाईचं नाव मंगल. वय चाळिशीच्या पुढं. आटपाडी तालुक्यातल्या एका गावाहून सकाळच्या एसटीनं आली होती. कापडी पिशवी तिनं मांडीवर घट्ट धरली होती. पाणी प्यायलाही तिनं ती खाली ठेवली नाही. मध्येच तिचा फोन वाजला, तेव्हा ती तमिळमध्ये बोलायला लागली. माझे कारकून जाधव शेजारच्या टेबलावर बसतात. त्यांना कळू नये म्हणूनच ती तमिळ बोलत होती, हे तिच्या नजरेवरून दिसत होतं.

तमिळचं कारण तिनं नंतर सांगितलं. तिच्या मावशीचे यजमान अण्णा, म्हणजे हे मृत्युपत्र करणारे, गलाईच्या धंद्यात होते. गलाई म्हणजे सोनं-चांदी भट्टीत वितळवून, त्यातली भेसळ काढून शुद्ध करायचं काम. आटपाडी, विटा, कडेगाव या पट्ट्यातली माणसं हा धंदा घेऊन देशभर पसरली आहेत. अण्णांच्या घरात पूर्वी मेंढरं होती. अण्णा तरुणपणीच कोइमतूरला गेले आणि तिथं दुकान टाकलं. मूलबाळ झालं नाही. मंगलची आई वारली तेव्हा मंगल सहा वर्षांची होती. मावशीनं तिला कोइमतूरला नेलं, वाढवलं, लग्न करून दिलं. लग्न टिकलं नाही, ती परत आली. मावशी गेली. अण्णांनी दुकान बंद करून गाव गाठलं, तेव्हा मंगल त्यांच्याबरोबर आली आणि शेवटपर्यंत त्यांचं सगळं तिनंच केलं.

रीतसर दत्तक मात्र कुणी घेतलं नव्हतं. घरातलीच पोर, तिचा कागद कशाला करायचा, असा विचार. कायद्याला मात्र मानलेली मुलगी दिसत नाही. अण्णांचा रक्ताचा वारस एकच, भावाचा मुलगा दत्ता. मृत्युपत्रात अण्णांनी गावातलं राहतं घर मंगलला लिहून दिलं होतं. मृत्युपत्र टिकलं तर घर मंगलचं. नाही टिकलं तर दत्ताचं, आणि मंगल रस्त्यावर. तिला दुसरं घर नव्हतं. माहेरही नव्हतं.

“मला प्रोबेटचा वकील पायजे,” ती म्हणाली. “तुमी प्रोबेट करता न्हवं?”

आटपाडीकडच्या बाईच्या तोंडी प्रोबेट हा शब्द ऐकून मला गंमत वाटली. प्रोबेट म्हणजे हे मृत्युपत्र खरं आहे असा कोर्टानं मारलेला शिक्का. मद्रास, कलकत्ता, मुंबई या तीन शहरांत त्याची तेव्हा सक्ती होती. आपल्याकडं सांगली-साताऱ्यात तशी सक्ती कधीच नव्हती. पण गलाईवाले त्या शहरांत राहिलेले. अण्णांच्या दहाव्याला मद्रासहून आलेल्या कुणी पाहुण्यानं हिला सांगितलं की प्रोबेटशिवाय घर नावावर होत नसतं. झालं. बाई प्रोबेटचा वकील शोधायला बाहेर पडली.

मी तिची चौथी वकील होते. पहिला विट्याचा. त्यानं सांगितलं, प्रोबेटची गरज नाही, ग्रामपंचायतीत मृत्युपत्र दाखवा आणि घराच्या उताऱ्यावर नाव लावून घ्या. हा सल्ला शंभर टक्के बरोबर होता. पण मंगलला वाटलं, एवढं सोपं सांगतोय म्हणजे दत्तानं याला आधीच गाठलंय. त्यात त्या वकिलाचा कारकून दत्ताच्या सासुरवाडीचा निघाला. दुसरा इस्लामपूरचा. तो म्हणाला, प्रोबेट तर लागेलच, आधी एक नोटीस ठोकू. त्यानं दत्ताला नोटीस पाठवली. दत्तानं उलट ग्रामपंचायतीत हरकतीचा अर्ज दिला. मग एके दिवशी मंगलनं त्या वकिलाला दत्ताशी स्टँडवर बोलताना पाहिलं, आणि त्यालाही सोडलं. तिसरा साताऱ्याचा. त्यानं मूळ कागद ऑफिसात ठेवायला सांगितला, तेव्हा ती चहा अर्धा टाकून उठली.

“आन् ह्या पट्टीचं काय?” असं मी तिच्याच भाषेत विचारलं.

“साक्षीदाराचं नाव कळलं की त्येलाच जाऊन मिळत्यात. वकील लोकांचं काय सांगावं.”

“मीही वकीलच आहे.”

“म्हणून तर पट्टी हाय.”

एवढं तोंडावर ऐकून घ्यायची मला सवय नाही. मी झेरॉक्स तिच्यापुढं सरकवली आणि म्हणाले, “पट्टी काढल्याशिवाय मी हात लावणार नाही. पाचवा वकील शोधा.”

ती उठली नाही. मग जाधवांकडं बघितलं. मी जाधवांना बाहेर पाठवलं. तिनं पिशवीत हात घातला, त्यातून साडीची घडी काढली, घडीतून प्लास्टिकची पिशवी आणि त्यातून मूळ मृत्युपत्र. सबंध वेळ तिच्या मांडीवर होतं.

पहिला साक्षीदार गावातले एक निवृत्त गुरुजी. “ते गेले, अण्णांच्या आधीच,” ती म्हणाली. दुसऱ्या साक्षीदाराचं नाव वाचलं आणि मी चष्मा काढून पुसला. दुसरा साक्षीदार दत्ता होता. ज्याला या मृत्युपत्रामुळं घर मिळणार नव्हतं, तोच पुतण्या.

खरं सांगते, माझा पहिला संशय मंगलवर गेला. स्वतःचं नुकसान करणाऱ्या कागदावर कोण सही करतो? सही बनावट असणार. म्हणूनच ती झाकली असणार. आमच्या कायद्यात संशयास्पद परिस्थिती असा शब्दच आहे. मृत्युपत्रात काही खटकत असेल तर ते दूर करायची जबाबदारी ते पुढं आणणाऱ्यावर असते. इथं तर सगळंच खटकत होतं. घर परक्या बाईला, एक साक्षीदार मेलेला आणि दुसरा विरोधक.

“ही सही दत्ताचीच कशावरून?”

“त्यानंच केली. माझ्यासमोर न्हाई, मी भाईर हुते. अण्णांनीच त्याला बसवला.”

“विरोध करणाऱ्यालाच साक्षीदार? कुणी सुचवलं हे?”

“कुणी सुचवाय कशाला लागतंय? अण्णांची रीतच हुती ती. दुकानात गिऱ्हाईक सोनं आटवाय आलं, की त्येला भट्टीसमोर बसवायचं. आन् दोन भावांचं सोनं असंल तर जो कुरकुर करतोय त्येलाच म्होरं बसवायचं. ‘ज्याची तक्रार येणार, त्यालाच बघाय लाव. मग त्येला बोलाय जागा ऱ्हात न्हाई,’ असं म्हणायचे.”

मी कपाळाला हात लावला. भट्टीपुढं ही रीत चांगलीच आहे. पण कोर्टात? अण्णांनी आपल्या मृत्युपत्राची किल्ली नेमकी विरोधकाच्या खिशात टाकली होती. आता दत्तानं नुसतं ‘मला आठवत नाही’ म्हटलं तरी आमची पंचाईत होती. आणि असा साक्षीदार आम्हालाच आमच्या बाजूनं बोलवावा लागणार होता. शिवाय मृत्युपत्र रजिस्टरही केलेलं नव्हतं. का, तर जित्या माणसाच्या मरणाची नोंद सरकारात कशाला, असं अण्णांचं म्हणणं.

मी केस घेतली. का घेतली, हे मला तेव्हाही नीट कळलं नव्हतं. कदाचित ती साडीची घडी बघून. हरकत आल्यामुळं ग्रामपंचायत आता कोर्टाच्या आदेशाशिवाय हलणार नव्हती, म्हणून प्रोबेटचाच अर्ज जिल्हा न्यायालयात दाखल केला. मूळ मृत्युपत्र कोर्टात जमा करावं लागतं. त्या दिवशी मंगल काउंटरपाशी उभी राहून क्लार्कनं कागद कुठल्या फाईलमध्ये घातला, फाईल कुठल्या कपाटात गेली, हे टाचा उंचावून बघत होती.

दत्ताला कोर्टाची नोटीस गेली. त्याच्या वकिलानं उत्तर दिलं. अर्जदार परकी आहे, मयत वयस्कर आणि आजारी होते, मृत्युपत्र संशयास्पद आहे. नेहमीचा साचा. मी ते तीनदा वाचलं. त्यात दत्ताच्या सहीबद्दल एक अक्षर नव्हतं. खोटी आहे असंही नाही आणि खरी आहे असंही नाही. हे मौन मला आवडलं नाही. विरोधक गप्प असतो तेव्हा तो काहीतरी राखून ठेवत असतो, असा माझा अनुभव.

पुढच्याच आठवड्यात जाधव आत आले. “मॅडम, आटपाडीचा एक जण आलाय. दत्ता म्हणून.”

मी दारातूनच बघितलं. पन्नाशीचा, उन्हानं रापलेला माणूस. पायाशी डाळिंबांची पिशवी. वकील नेमलेल्या विरुद्ध बाजूच्या माणसाशी आम्हाला परस्पर बोलता येत नाही, असा नियम आहे. आणि नियम नसता तरी ती पिशवी बघून मी बोलले नसते.

“बाई, जरा दोन मिंटं बोलायचं हुतं,” तो म्हणाला.

“तुमच्या वकिलामार्फत या.”

“वकिलाचं काम न्हाई वो ते.”

“मग माझंही नाही. आणि ही पिशवी घेऊन जा.”

तो गेला. पिशवी मात्र बाकाखाली ठेवून गेला. मी जाधवांना स्टँडपर्यंत पाठवलं आणि ती परत करवली. महिन्याभरानं तो पुन्हा आला, पुन्हा पिशवी घेऊन, आणि मी पुन्हा त्याला वाटेला लावलं. या वेळी दुर्दैवानं मंगलही त्याच दिवशी आली होती. तिनं त्याला माझ्या जिन्यावरून उतरताना पाहिलं.

ती आत आली ती बसलीच नाही.

“माझं कागद द्या.”

“मंगल, ऐक.”

“काय आयकू? तिघंबी असंच आयका म्हणत हुते. त्यो हितं कशाला आल्ता?”

“मला माहीत नाही. मी त्याला उभंही केलं नाही.”

“माहीत न्हाई? तुमच्या दारात आल्ता आन् तुमालाच माहीत न्हाई?” तिचा आवाज चढला. मग एकदम खाली आला. “बाई, मला त्या घराबिगर काय न्हाई वो. लय झालं माझं हिंडून.”

मला राग आला होता, आणि लागलंही होतं. इतकी वर्षं प्रामाणिकपणे काम करून एका पिशवीपायी स्वतःचीच बाजू मांडायची वेळ यावी. मी वकीलपत्राचा कागद काढला आणि म्हणाले, “हे रद्द करून देते. हवं तिथं जा.”

तिनं कागदाकडं बघितलं. मग खुर्ची ओढून बसली. “मूळ कागद कोर्टात हाय. न्हाईतर गेले असते,” ती म्हणाली. माझ्यावर विश्वास बसला म्हणून ती थांबली असं मी कधीच म्हणणार नाही.

त्या दिवसापासून मीही ईर्ष्येला पेटले. दत्ता उलटला तर दुसरा पुरावा हाताशी हवा होता. मृत्युपत्र विट्याच्या एका दस्तलेखकानं लिहिलं होतं. कोर्टाबाहेर टेबल मांडून लोकांचे कागद लिहून देणारी ही माणसं एक रजिस्टर ठेवतात. कुणाचा कागद लिहिला, कुणाच्या सह्या झाल्या, हे त्यात असतं. मी स्वतः विट्याला गेले. म्हाताऱ्या दस्तलेखकानं तीन ट्रंका उघडल्या आणि चौथीत ते रजिस्टर सापडलं. नोंद होती. अण्णांची सही, गुरुजींची सही, दत्ताची सही. सही बनावट नव्हती. मंगलवरचा माझा पहिला संशय त्या ट्रंकेपाशी संपला, आणि मला थोडी लाज वाटली.

पण खरी गंमत त्याच्या पुढच्या ओळीत होती. त्याच दिवशी अण्णांनी आणखी एक कागद केला होता. बक्षीसपत्र. विहिरीजवळचं सगळं रान दत्ताला. ते लगेच रजिस्टरही झालं होतं.

मंगलला विचारलं तर ती म्हणाली, “रान त्येनं आधीच लाटलं, ते कशाला सांगू? तुमाला वाटलं असतं घरबी त्येचंच.”

तिला कळलं नव्हतं की माझ्या हाती काय लागलंय. दत्ता जर म्हणाला की त्या दिवशी अण्णा शुद्धीत नव्हते, तर त्याचं स्वतःचं बक्षीसपत्रही डळमळीत होतं. मी नोंदीची रीतसर प्रत काढून फाईलच्या मधोमध लपवली. मंगललाही सांगितलं नाही. एव्हाना मलाही तिची सवय लागली होती. दत्ताला कोंडीत पकडायचे अडतीस प्रश्न मी लिहून काढले.

साक्षीची तारीख आली. दत्ता पिंजऱ्यात उभा राहिला. पांढरा शर्ट, हातात टोपी. मी मृत्युपत्र त्याच्यापुढं धरलं.

“यावर साक्षीदार म्हणून दोन नंबरची सही कुणाची आहे?”

“माझी.”

माझा दुसरा प्रश्न ‘नीट पाहून सांगा’ असा होता. त्यावर मी काट मारली.

“अण्णांनी सही केली तेव्हा तुम्ही कुठं होतात?”

“त्येंच्या म्होरं. त्येंनीच बसवलं. उठू नगं, माझं हुईस्तवर बग, म्हणले. आधी त्येंनी केली, मग गुरुजींनी, मग म्या.”

“त्यांची तब्येत कशी होती तेव्हा?”

“खणखणीत. उलट मलाच म्हणले, तुजा हात का थरथरतोय रं.”

जज्जसाहेबांनी लिहिणं थांबवलं. “मग हरकत कशाला घेतली?”

“साहेब, माझी हरकत नोटिशीला हाय, कागदाला न्हाई. नोटिशीत लिवलेलं की मी घर लबाडीनं बळकावणार हाय. म्या कवा म्हणलं? पोस्टमननं ती चावडीम्होरं दिली. चार जणांनी वाचली. पोरं हसाय लागली. मग म्या बी वकील केला.”

त्याचे वकील उठले. “साहेब, साक्षीदार गोंधळलाय.”

“गोंधळलो न्हाई. तुमी मला ‘आठवत न्हाई’ म्हणाय सांगिटलं. पर आठवतंय, त्येला मी काय करू?” दत्ता जज्जांकडं वळला. “अण्णांनी त्या दिशी मला रान दिलं आन् तिला घर दिलं. वाटणी झाली. दोनी कागद एकाच दिवसाचं हायती, बगा तुमी.”

मी जी नोंद हत्यार म्हणून फाईलमध्ये दडवली होती, ती त्यानं आपणहून सांगून टाकली. अडतीस प्रश्नांतले पस्तीस तसेच उरले.

“हे सगळं आधी सांगता आलं नाही का?” जज्ज म्हणाले.

“सांगाय गेल्तो की. ह्या मॅडमकडं, दोनदा. डाळिंबं परत आली.”

जज्जांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं. मी फाईलमध्ये काहीतरी शोधायला लागले.

बाहेर व्हरांड्यात दत्ता खांबापाशी उभा होता. मंगल त्याच्यासमोरून तशीच चालत गेली. जिन्यात मला म्हणाली, “त्येचा काय तरी डाव असंल.”

प्रोबेट मिळालं. ग्रामपंचायतीच्या उताऱ्यावर मंगलचं नाव लागलं. त्या इस्लामपूरच्या नोटिशीत एक वाक्य कमी असतं, किंवा ती पाठवायच्या आधी कुणी साक्षीदाराला जाऊन नुसतं विचारलं असतं, तर यातलं काहीही घडलं नसतं. पहिल्या वकिलाचा सल्ला महिन्याभरात पार पडला असता. आता कुणी मृत्युपत्र घेऊन आलं की मी दोन गोष्टी आधी विचारते. साक्षीदार जिवंत आहे का? आणि त्याच्याशी कुणी बोललंय का? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण दचकतात.

हे इथं संपायला हरकत नव्हती. पण वर्षभरानं मंगल पुन्हा आली. या वेळी पिशवी खाली ठेवली.

“मला माझं मृत्युपत्र करायचंय. घर दत्ताच्या पोरीच्या नावानं.”

दत्ताला एक मुलगा, एक मुलगी. मुलगी नर्सिंग शिकत होती आणि सुट्टीला आली की मंगलकडंच राहायची, असं कळलं. मंगल दत्ताशी अजून बोलत नव्हती. पोरीशी तिचं काही भांडण नव्हतं.

“साक्षीदार कोण?”

“एक तुमचं जाधव. एक कुणीबी बघा तुमी. आन् एक दत्ता.”

“दत्ता कशाला? तीस वर्षांत मी याच्याइतकी वाईट कल्पना ऐकलेली नाही. एकदा निभावलं ते पुरे.”

“आवं, घर पोरीला देतीया, पोराला न्हाई. कुरकुर कोण करणार? त्योच. मग त्येलाच म्होरं बसवाय नगं?”

मी खूप समजावलं. शेवटी तोड काढली. जाधव आणि शेजारचे डॉक्टर हे दोन साक्षीदार, तिसरा दत्ता. कायद्यात दोन हवेत म्हटलंय, तीन नकोत असं कुठं म्हटलेलं नाही. आणि या वेळी रजिस्टर करायचंच, हे मी तिच्याकडून आधी कबूल करून घेतलं.

ठरल्या दिवशी दत्ता आला. मंगलनं सही करेपर्यंत समोर बसून राहिला. मग स्वतः सही केली. या वेळी हात थरथरला नाही. मंगल उठली तेव्हा त्यानं तिची खुर्ची मागं सरकवली.

आता तो माझा विरोधक नव्हता. इतके दिवस मनात असलेलं मी विचारून टाकलं. “दत्ता, त्या दिवशी कोर्टात खरं बोललात ते खरं होतं म्हणून, का आपलं रान जाईल म्हणून?”

तो हसला. “बाई, तुमी वकील हाय. तुमाला दोनीतलं एकच पायजे. मला दोनीबी हुतं.”

मग त्यानं बाकाखालून पिशवी ओढली. “ह्या टायमाला तरी ठेवू का?”

मी ठेवून घेतली. पण आधी मंगलला समोर बसवलं आणि तिच्यादेखत पिशवी उघडली.